उदाहरण चालवून पाहता आले पाहिजे

नवी संगणकभाषा शिकणारा माणूस तिचे डॉक्युमेंटेशन कादंबरीसारखे पहिल्या पानापासून वाचत नाही. त्याला एक फंक्शन हवे असते. ते सापडले की वर्णनाचा परिच्छेद ओलांडून त्याची नजर थेट खालच्या उदाहरणावर जाते, कारण काय द्यायचे आणि काय परत मिळते हे त्या चार-सहा ओळींत दिसते. डॉक्युमेंटेशनचा खरा भार असा उदाहरणावर असतो. तरीही उदाहरण छापले की काम झाले, असे मानण्याची सवय जुनी आहे. पुढचे सगळे वाचकाने करायचे: भाषा संगणकावर बसवायची, फाइल तयार करायची, न छापलेल्या ओळी अंदाजाने भरायच्या आणि मग ते चालते का ते पाहायचे. ही पद्धत आता सोडली पाहिजे. जे उदाहरण चालू शकते, ते एका क्लिकवर ऑनलाइन एडिटरमध्ये उघडले पाहिजे. यात वाचकाची सोय आहेच, पण त्याहून मोठा लाभ असा की उदाहरण लिहिणाऱ्याला आपल्या शब्दाला जागावे लागते.

रस्ट या भाषेने हे कसे केले ते पाहण्यासारखे आहे. 2015 च्या मे महिन्यात तिची पहिली स्थिर आवृत्ती आली. तिच्या प्रमाणित लायब्ररीच्या डॉक्युमेंटेशनमध्ये उदाहरणांना ‘रन’ हे बटण असते. ते दाबले की ‘रस्ट प्लेग्राउंड’ हा एडिटर उघडतो आणि त्यात तोच कोड आधीच भरलेला असतो. कोडचा सगळा मजकूर लिंकच्या पत्त्यातच गुंफलेला असतो, सोबत भाषेची कोणती आवृत्ती धरायची तेही. एडिटर तो उलगडून दाखवतो, दूरच्या सर्व्हरवर एका बंदिस्त कप्प्यात चालवतो आणि उत्तर परत पाठवतो.

आता मजकुराची लांबी सांगणारे ‘लेन’ हे फंक्शन घ्या. ते अक्षरे नव्हे तर बाइट मोजते, असे डॉक्युमेंटेशन स्पष्ट सांगते. विधान अचूक आहे, पण नवख्याच्या डोक्यावरून जाते. उदाहरणात सुरुवातीला तीन रोमन अक्षरांचा एक शब्द आहे आणि त्याची लांबी 3 भरते ना, हे पडताळणारी ओळ त्याच्या लगेच खाली आहे. एडिटर उघडून त्या शब्दाच्या जागी ‘मराठी’ लिहिले आणि पुन्हा चालवले, तर प्रोग्राम तिथेच थांबतो आणि कळवतो: डावीकडे 3, उजवीकडे 15. आपल्याला अक्षरे तीनच दिसतात, म, रा आणि ठी. युनिकोडच्या हिशेबात मात्र काना आणि वेलांटी वेगळी धरून चिन्हे पाच होतात, आणि यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. पाच त्रिक पंधरा. नावासाठी वीस बाइटांची मर्यादा ठेवलेल्या अर्जात ‘ज्ञानेश्वर’ का मावत नाही, हे मग वेगळे समजावावे लागत नाही. त्याला तीस बाइट लागतात. रस्टच्या अधिकृत पुस्तकानेही हाच मुद्दा मांडताना ‘नमस्ते’ हा शब्द घेतला आहे: 18 बाइट, 6 चिन्हे, 4 अक्षरे. पण आपल्या हाताने शब्द बदलल्यावर समोर आलेला 15 जितका पक्का लक्षात राहतो, तितका छापलेला 18 राहत नाही.

हे बटण लावायचे तर लेखकाला आधी बरेच काही निस्तरावे लागते. पानावर कामापुरत्या ओळी पुरतात, पण चालवायला पूर्ण प्रोग्राम लागतो. म्हणून रस्टमध्ये काही ओळींवर खूण करून त्या पानावर लपवता येतात; एडिटरमध्ये त्या सोबत जातात. हीच उदाहरणे लायब्ररीच्या चाचण्यांबरोबर चालवलीही जातात. उद्या कोणी फंक्शन बदलले आणि उदाहरण मोडले, तर चाचणीच नापास होते. हा विचार नवा नाही. डॉक्युमेंटेशनमधली उदाहरणे तपासणारे ‘डॉकटेस्ट’ पायथनच्या प्रमाणित लायब्ररीत 2001 मध्येच आले. गो भाषेतही उदाहरणाखाली अपेक्षित उत्तर लिहून ठेवतात आणि चाचणी ते ताडून पाहते. पान, चाचणी आणि एडिटर या तिघांनी एकाच मजकुरातून पाणी भरावे, हे यातले मर्म. याउलट उदाहरणाची वेगळी प्रत एडिटरच्या साइटवर ठेवून नुसती लिंक दिली, तर काही महिन्यांत पान एक सांगते आणि एडिटर दुसरेच. अशी लिंक नसलेली बरी.

यावर पहिला आक्षेप असा की बटण दाबून कोणी शिकत नाही, कोड हाताने लिहावा लागतो. ते खरेच आहे. पण एडिटर हाताने लिहिण्याचीच जागा आहे. त्याने वाचते ती भाषा बसवण्याची खटपट, आणि तिच्यातून भाषा शिकता येत नाही. दुसरा आक्षेप मर्यादांचा. रस्ट प्लेग्राउंडमध्ये नेटवर्क मिळत नाही, वेळेला बंधन आहे आणि मोजक्याच बाहेरच्या लायब्रऱ्या उपलब्ध आहेत; डेटाबेसशी बोलणारे उदाहरण तिथे चालणार नाही. मग तिथे बटण देऊ नये आणि कारण सांगावे. लहान फंक्शनांच्या असंख्य उदाहरणांना ही अडचण येत नाही. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: एडिटरची सेवा उद्या बंद पडली तर? कोड पानावर छापलेला असेल, तर गेले ते फक्त बटण. शिवाय सर्व्हरवरचे अवलंबनही कमी होत आहे. इतर भाषांतले प्रोग्राम ब्राउझरमध्येच चालवू देणाऱ्या वेबअसेंब्लीला 2019 मध्ये वेबच्या मानकाचा दर्जा मिळाला. तिच्यावरच उभ्या असलेल्या आणि मोझिलामध्ये 2018 साली सुरू झालेल्या ‘पायोडाइड’मुळे पायथन वाचकाच्या ब्राउझरमध्येच चालते. सुरुवातीला बरेच मेगाबाइट उतरवावे लागतात, हे मंद नेटवर्कवर जाचते. पण कोड चालवायला दूरचा सर्व्हर लागत नाही.

ज्याच्याकडे स्वतःचा संगणक नाही, फक्त फोन आहे, त्या विद्यार्थ्यासाठी ब्राउझर हीच प्रयोगशाळा असते. मराठीतून शिकून आलेल्याला डॉक्युमेंटेशनचे इंग्रजी अडते, ही आणखी एक भिंत. ‘बाइट मोजते’ हे वाक्य त्याच्या हातून निसटले, तरी 15 हा आकडा निसटत नाही. आणि त्याचा अर्थ शोधत तो त्या वाक्याकडे परत येतो. त्याच्यासाठी म्हणून डॉक्युमेंटेशन लिहिणाऱ्याने पान प्रसिद्ध करण्यापूर्वी आपल्या प्रत्येक उदाहरणाचे बटण एकदा स्वतः दाबावे.