पातं आधी पातळ हवं

केनवडच्या शिवारात सोयाबीन पिवळं पडू लागलं की घरोघरचे विळे बाहेर निघतात आणि पाजवायला लोहाराकडे जातात. रिसोड तालुक्याच्या या भागात सोंगणीसाठी यंत्रं आली, तरी विळ्याची गरज सरलेली नाही. लोहार विळा भट्टीत लाल करतो, ऐरणीवर ठोकून कड पातळ करतो आणि मग पाणी देतो. ही ऐरण पुष्कळदा रेल्वेच्या रुळाचा तुकडाच असते. घरी सुरी घडवू पाहणाऱ्याने दगडाला हात लावण्याआधी हे काम नीट पाहावं. सुरी चालत नाही, ती बहुतेक वेळा धारेमागचं लोखंड जाड राहिलं म्हणून. असं पातं कितीही घासा, कांद्यात पाचरीसारखं शिरतं.

विदर्भाला लोखंड नवं नाही. नागपूर जिल्ह्यातल्या नायकुंड इथे उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. ती इसवी सनापूर्वी सातशेच्या आसपासची मानतात. गाडीवर संसार घेऊन फिरणाऱ्या घिसाडी कुटुंबांत आजही नवरा सांडशीत लोखंड धरतो आणि घण बायको मारते. कौतुक मात्र कारागीर म्हणून त्याचंच होतं.

शिकाऊ माणसाला सोपा माल म्हणजे भंगारातला, ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा. त्यात कार्बन अर्धा टक्का किंवा थोडा जास्त असतो, म्हणून तो पाणी घेतो. बांधकामाच्या सळईत कार्बन कमी, तिची सुरी धार धरत नाही. पण पाटा चांगलाच जाड असतो आणि स्वयंपाकघरातल्या सुरीची पाठ दोन मिलिमीटरच्या आसपास पुरते. एवढं लोखंड कानशीने काढण्यात शहाणपण नाही. लोहाराकडून पट्टी ठोकून घ्यावी आणि लाल असतानाच राखेत पुरून रात्रभर निवू द्यावी. सकाळी ती मऊ झालेली असते.

पुढचं घरचं काम. पातं लाकडावर घट्ट आवळायचं, आकार हॅक्सॉने कापायचा, मग कानस. कडेचा मध्य काढायला पट्टीच्या जाडीएवढंच ड्रिलचं पातं घ्यावं, दोन्ही सपाट फरशीवर ठेवून ड्रिलच्या टोकाने कडेवर रेघ ओढावी. ती आपोआप मधोमध येते. दोन्ही बाजूंचा उतार त्या रेघेकडे न्यायचा, कानस पुढे जाताना दाबायची, परत आणताना उचलायची. कड मात्र आत्ताच धारदार करू नये. अर्धा-पाऊण मिलिमीटर जाडी राखावी, नाहीतर पाणी देताना पातं वाकतं किंवा तडकतं.

पाणी म्हणायचं, पण या पोलादाला कोमट तेल बरं. लोखंड ७७० अंशांच्या सुमारास चुंबकाला चिकटेनासं होतं; त्याहून थोडं आणखी तापवून पातं टोकाकडून सरळ तेलात उतरवायचं. तेल भडकू शकतं, म्हणून भांडं धातूचं, झाकण हाताशी आणि काम उघड्यावर. नंतर कानस घसरली, लोखंडात रुतली नाही, की पातं कडक झालं. पण तेवढ्यावर ते काचेसारखं तुटेल. घासून चकचकीत केलेलं पातं ओव्हनमध्ये सुमारे २०० अंशांवर दोन तास ठेवलं की फिकट पिवळा रंग चढतो आणि ठिसूळपणा जातो.

खरी परीक्षा यापुढे असते, कारण आता ग्राइंडर हाती घ्यायचा मोह होतो. कड पातळ, चाक वेगवान. क्षणात निळा डाग उमटतो आणि तिथला कडकपणा गेलेला असतो. पातं उघड्या हाताने धरावं, चटका बसू लागला की पाण्यात बुडवावं. डोळ्यांवर चष्मा, तोंडावर मास्क हवाच. शेवटचा भाग ओल्या दगडावर, दर बाजूला १५ ते २० अंशांच्या तिरकसपणाने. दुसऱ्या बाजूला नखाला जाणवेल अशी बारीक शीर उभी राहिली की बाजू बदलायची.

मुठीला तिवस किंवा बाभूळ उत्तम. हे पोलाद गंजतं. लिंबू चिरून सुरी तशीच ओट्यावर टाकली तर तासाभरात डाग पडतात. पुसून खोबरेलाचा हात फिरवायला घरातल्यांना तयार करणं हे मात्र कानशीच्या आवाक्यातलं काम नाही.