उतारावर पुढच्याचा मान

गुलमर्गला बर्फ पडल्याची बातमी आली की अंधेरी ते बोरिवली पट्ट्यातल्या टूरवाल्यांचे फोन वाजायला लागतात. फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात, त्यामुळे गुलमर्ग किती सुंदर आहे हे इथे उगाळत बसत नाही. प्रश्न वेगळाच आहे. आयुष्यात पहिल्यांदा पायाला स्की बांधलेला माणूस उताराला लागला, समोर कुणी सेल्फी काढत उभं होतं आणि दोघं आदळले, तर चूक कोणाची?

आपल्याकडे यावर अर्धा तास भांडण होईल. जगात मात्र उत्तर बरंच आधी ठरलेलं आहे. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने १९६७ साली वर्तनाचे दहा नियम केले. ते कायदा नाहीत, पण ऑस्ट्रिया-स्वित्झर्लंडसारख्या देशांत कोर्टात दोष ठरवताना तेच समोर ठेवतात. त्यातला तिसरा नियम पाठ केला तरी अर्धं काम होतं. वरून येणाऱ्याने आपली वाट अशी निवडायची की खालच्याला धोका होणार नाही. पुढच्याच्या पाठीला डोळे नसतात. तो अचानक वळेल, पडेल, थांबेल हे मागच्याने गृहीत धरायचं. ‘मला वाटलं तो सरळ जाईल’ ही सबब तिथे चालत नाही.

हा नियम किती वजनदार आहे हे २०२३च्या मार्चमध्ये अख्ख्या जगाने टीव्हीवर पाहिलं. हॉलिवूडची नटी ग्वेनेथ पॅल्ट्रो आणि एक निवृत्त नेत्रतज्ज्ञ २०१६ साली अमेरिकेतल्या युटा राज्यात डिअर व्हॅलीच्या उतारावर एकमेकांवर आदळले होते. त्यांनी तिच्याकडून तीन लाख डॉलरहून अधिक भरपाई मागितली, तिने उलट दावा केला तो फक्त एक डॉलरचा. तिच्या कपड्यांवर आणि उत्तरांवर हजार विनोद झाले, पण खटला शेवटी एकाच मुद्द्यावर फिरत होता: आदळण्याच्या क्षणी खाली कोण होतं आणि वर कोण? ज्युरीने पूर्ण दोष त्या गृहस्थांचा ठरवला आणि तिला तिचा एक डॉलर मिळाला.

दुसरं प्रकरण हसण्यासारखं नाही. १ जानेवारी २००९ला जर्मनीतल्या थुरिंगिया राज्याचे प्रमुख डीटर आल्टहाउस ऑस्ट्रियात स्कीइंग करत होते. दोन उतार मिळतात तिथे ते वळून उलट्या दिशेने दुसऱ्या उतारावर शिरले आणि समोरून येणाऱ्या एका महिलेवर आदळले. ती गेली, ते गंभीर जखमी होऊनही वाचले. त्यांच्या डोक्यावर हेल्मेट होतं, तिच्या नव्हतं. ऑस्ट्रियाच्या कोर्टाने त्यांना निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्याबद्दल दोषी ठरवून ३३,३०० युरो दंड केला. त्यानंतर जर्मनीत हेल्मेटचा खप एकदम वाढला. मला या प्रकरणातून दुसरंच दिसतं. हेल्मेट घालणाऱ्याचं डोकं वाचवतं. समोरच्याला वाचवते ती आपली नजर. इटलीने १ नोव्हेंबर २०२५पासून सगळ्या वयांच्या लोकांना हेल्मेट सक्तीचं केलं ते चांगलंच, पण इतरांना होणाऱ्या इजेचा विमा तिथे त्याआधीच, २०२२ला, सक्तीचा झाला होता. हा क्रम मला जास्त बोलका वाटतो.

आता आपल्या लोकांकडे येऊ. उपनगरातला पर्यटक बर्फाला अगदीच नवखा नाही. गोराईची बोट पकडून एस्सेलवर्ल्डच्या आइस रिंकवर कठडा धरून घसरलेली एक पिढी आज मुलांना घेऊन मनालीजवळच्या सोलंगला जाते. पण रिंकला कठडा असतो. सोलंग किंवा गुलमर्गच्या शिकाऊ उतारावर स्कीवाले, स्लेज ओढणारे, घोडेवाले आणि भाड्याचे गमबूट घालून बर्फाचे गोळे फेकणारी कुटुंबं, सगळे एकाच जागी असतात. माझ्या मते तिथला सगळ्यात मोठा धोका स्की न करणारा माणूस आहे. सातवा नियम त्याच्यासाठीच आहे: पायी चढायचं-उतरायचं ते कडेने. आणि सहावा सांगतो की अरुंद जागी किंवा वरून दिसणार नाही अशा ठिकाणी थांबायचं नाही. पडलात तर लवकरात लवकर बाजूला व्हायचं. घाटकोपरला मेट्रोतून उतरून रेल्वेच्या पुलावर कुणी मोबाइल बघत मध्येच उभा राहिला तर मागून काय ऐकू येतं हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. तीच माणसं उंचवट्याच्या अगदी खाली, जिथे वरच्याला काहीच दिसत नाही, तिथे ग्रुप फोटोसाठी ओळ लावतात.

स्नोबोर्डवाल्याबद्दल वेगळं सांगायला हवं. दोन्ही पाय एकाच फळीला जखडलेले आणि अंग आडवं, त्यामुळे एका बाजूला त्याची पाठ असते आणि तिकडचं त्याला दिसत नाही. त्याला ओलांडायचं तर त्या बाजूने भरपूर अंतर ठेवून. नवशिका बोर्डवाला पडताना हात टेकतो आणि मनगट मोडून घेतो, म्हणून मनगटाचे गार्ड मागून घ्यावेत. स्कीवाल्याचं घोडं गुडघ्यात अडतं. पाय पिरगळला की बूट स्कीतून सुटावा म्हणून बाइंडिंग असतं आणि ते किती जोराला सुटेल हे वजन, उंची, वय आणि कौशल्य बघून लावतात. दुकानदाराने वजन विचारलं की आठ किलो कमी सांगणारे लोक असतात. मग बाइंडिंग हलक्या झटक्याला सुटतं, भलत्या क्षणी. स्वतःला पट्टीचा स्कीवाला म्हणवणाऱ्याचं उलट होतं: सुटायला हवं तेव्हा सुटत नाही आणि लिगामेंट जातं.

मुलुंडच्या ट्रेकर मित्रांना हे आवडणार नाही, पण सह्याद्रीचा अनुभव इथे अर्धाच कामाला येतो. चक्रम हायकर्ससारख्या संस्थांनी मुलुंडकरांना डोंगरातली शिस्त लावली, ती मोलाची आहेच. पण घाटवाट उतरताना पाय थांबले की माणूस थांबतो. स्कीवर काहीच केलं नाही तर वेग वाढत जातो. म्हणून पहिल्या दिवशी शिकायचं ते थांबणं: पुढची टोकं जवळ, मागची फाकवलेली, आतल्या कडा बर्फात. ते जमेपर्यंत गुलमर्गच्या गोंडोल्याचं, म्हणजे केबल कारचं, तिकीट काढू नये.

गोंडोल्याचा दुसरा टप्पा अफरवटला साधारण ३,९५० मीटरवर सोडतो. आदल्या दिवशी समुद्रसपाटीला असलेल्या माणसाचं डोकं तिथे दुखणारच. पण खरी गोष्ट पुढे आहे. वर यंत्राने दाबून सपाट केलेले उतार नाहीत, आणि गस्त घालणारं पथक हिमस्खलनाचा धोका कमी करतं ते ठरावीक पट्ट्यात. त्याबाहेर १ फेब्रुवारी २०२३ला हापतखुडच्या बाजूला दोन पोलिश स्कीवाले हिमस्खलनात दगावले. २२ फेब्रुवारी २०२४ला एक रशियन. गाडलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत सापडला तर बहुधा वाचतो, अर्ध्या तासानंतर आशा झपाट्याने कमी होते. तेवढ्यात खालून मदत पोचत नाही. शोधणारा सोबतीच असतो आणि त्याच्याजवळ ट्रान्सीव्हर (सिग्नल देणारं-पकडणारं यंत्र), टोचून पाहायची लांब कांडी आणि फावडं लागतं. ट्रान्सीव्हर तुमच्याकडे असून त्याच्याकडे नसेल तर ना तुम्ही त्याला शोधू शकता, ना तो तुम्हाला. त्या पट्ट्याच्या दोरीपलीकडे जाताना सोबतीच्या पाठपिशवीत काय आहे हे विचारण्यात संकोच कसला?

टूरच्या कार्यक्रमात ‘स्कीइंग: एक तास’ असं छापलेलं दिसतं, ते मला सरळ धोकादायक वाटतं. तासाभरात बूट चढवून होतात. खरंच शिकायचं असेल तर मनालीची अटलबिहारी वाजपेयी संस्था आणि गुलमर्गची भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्था दर हिवाळ्यात निवासी वर्ग घेतात. त्यांचे साधारण दोन आठवडे सुट्टीत बसवणं कठीण, पण खासगी शिक्षकाबरोबर तीन दिवस तरी काढता येतात. विमा घेताना ‘हिवाळी खेळ’ हे शब्द पॉलिसीत आहेत का ते वाचावं. प्रवास विम्यातून साहसी खेळ बऱ्याचदा वगळलेले असतात आणि आखलेल्या उताराबाहेर गेलात तर असलेला विमाही लागू होईलच असं नाही.

आणि टक्कर झालीच तर निघून जायचं नाही. जखमीच्या वरच्या बाजूला दोन स्की फुलीसारख्या बर्फात रोवायच्या, म्हणजे वरून येणाऱ्यांना लांबूनच कळतं. त्याला उगाच हलवायचं नाही, गस्तीवाल्यांना बोलवायचं. दहावा नियम म्हणतो की अपघातातल्या आणि पाहणाऱ्या अशा सगळ्यांनी, चूक कोणाचीही असो, एकमेकांना नाव-पत्ता द्यायचा.