साखरेला अडवणारा पापुद्रा

दंडावर मोठ्या नाण्याएवढी, साखर मोजणारी पांढरी चकती लावलेली माणसं हल्ली लग्नाच्या पंगतीतही दिसतात. जिलेबीच्या ताटापाशी आलं की ती फोन चकतीजवळ नेतात, आकडा बघतात आणि मग काय ते ठरवतात. शेजारचे बघे लगेच विचारतात, ‘एवढे दिवस सुई आत टोचलेलीच असते?’

नसते. सुई असते ती फक्त लावतानाच्या क्षणापुरती. ती वाट करून देते आणि लगेच बाहेर येते. त्वचेखाली राहतो तो सुमारे पाच मिलिमीटर लांबीचा, वाकणारा तंतू. तो शिरेत शिरत नाही, त्यामुळे ‘हा सेन्सर सतत रक्त तपासतो’ हेही खरं नव्हे. तो मोजतो पेशींच्या अवतीभोवती असलेल्या द्रवातली साखर. रक्तातून ती तिथवर झिरपायला पाच-दहा मिनिटं लागतात. जेवणानंतर बोटातल्या थेंबाचा आकडा आणि फोनवरचा आकडा जुळत नाही, त्याचं एक साधं कारण हेच. साखर झपाट्याने चढत किंवा उतरत असेल तेव्हा ही तफावत जास्त दिसते.

खरा मोठा गैरसमज मात्र त्या तंतूवरच्या प्लास्टिकच्या, म्हणजे पॉलिमरच्या, पापुद्र्याबद्दल आहे. तो नुसतं संरक्षक आवरण आहे, आणि तो जेवढी जास्त साखर आत सोडेल तेवढं मोजमाप अचूक, असं विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनाही वाटतं. प्रत्यक्षात त्याचं मुख्य काम साखर अडवण्याचं आहे.

हे उलटं वाटेल, पण हिशोब बघा. तंतूवर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम बसवलेलं असतं. हे एन्झाइम मिळवतात ॲस्परजिलस नायजर या बुरशीपासून. चाळीतल्या कांद्यावर जी काळी पूड धरते, तीच ही बुरशी. एन्झाइम ग्लुकोजचं रूपांतर करताना ऑक्सिजन वापरतं आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं. प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडवर सुमारे 0.6 व्होल्टला त्या पेरॉक्साइडमधून इलेक्ट्रॉन सुटतात आणि मोजता येईल असा बारीकसा विद्युतप्रवाह वाहतो. प्रवाह जास्त म्हणजे साखर जास्त.

अडचण येते ती ऑक्सिजनची. साखर 100 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असताना द्रवात दर लिटरला साडेपाच मिलिमोल ग्लुकोज असतं. ऑक्सिजन मात्र जेमतेम 0.1 मिलिमोलच्या आसपास, कधी त्याहूनही कमी. साखर 400 वर गेली की ही दरी चौपट होते. सगळी साखर आत घेतली तर ऑक्सिजन आधी संपेल आणि प्रवाह एका पातळीवर अडकून पडेल. मग 250 आणि 400 सारखेच दिसू लागतील. म्हणजे धोका जिथे सर्वांत जास्त, नेमकं तिथेच यंत्र आंधळं.

म्हणून बाहेरचा पापुद्रा दर्शनबारीच्या कठड्यासारखं काम करतो: बाहेर गर्दी कितीही असो, आत सोडायचं थोड्यांनाच, पण गर्दीच्या प्रमाणात. अशा पापुद्र्यासाठी पॉलियुरेथेन फार वापरतात. त्यात पाणी धरणारे भाग आणि पाणी टाळणारे, सिलिकोनसारखे भाग एकत्र गुंफता येतात. पाणी धरणाऱ्या वाटांनी साखर हळूहळू येते, सिलिकोनमधून ऑक्सिजन सहज शिरतो. असं केलं की एन्झाइमच्या वाट्याला नेहमी झेपेल एवढंच काम येतं. त्यातलं थोडं एन्झाइम रोज निकामी झालं तरी आकडा बराच काळ हलत नाही, कारण वेग ठरवतो पापुद्रा. अचूकतेचं श्रेय लोक ॲपला आणि ‘स्मार्ट’ चिपला देतात. त्यातला मोठा वाटा खरं तर या पापुद्र्याचा आहे.

तो बनवायची एक रीत ऐकायला अगदी साधी आहे. बारीक तार पॉलिमरच्या द्रावणात बुडवायची, बाहेर काढून वाळवायची, पुन्हा बुडवायची. पण थर थोडा जाड झाला तरी साखर कमी शिरते आणि आकडा खाली येतो. म्हणूनच तयार झालेल्या खेपेची संवेदनशीलता कारखान्यातच तपासून ठरवावी लागते.

पापुद्र्याची ही कल्पना मोबाइलच्या काळातली आहे, असाही समज आहे. अमेरिकेत लेलँड क्लार्क यांनी 1950च्या दशकात रक्तातला ऑक्सिजन मोजायला घेतला, तेव्हा रक्तातली प्रथिनं प्लॅटिनमवर चिकटून मोजमाप बिघडत होतं. त्यांनी मध्ये पॉलिथीनचा पडदा घातला. 1962 मध्ये क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी त्याच इलेक्ट्रोडवर ग्लुकोज ऑक्सिडेजचा थर बसवण्याची कल्पना मांडली. त्वचेखालून सलग मोजणाऱ्या पहिल्या यंत्रणेला अमेरिकेच्या एफडीएची मान्यता मिळाली ती थेट 1999 मध्ये.

‘तापाची गोळी घेतली आणि साखर वाढली’ ही तक्रारही बऱ्याचदा साखरेची नसते. प्लॅटिनमला त्या व्होल्टला पेरॉक्साइड आणि पॅरासिटामॉल यांतला फरक कळत नाही. दोघांकडूनही ते इलेक्ट्रॉन घेतं. त्यासाठी इलेक्ट्रोडला लागून आणखी एक पापुद्रा देतात. नॅफिऑन हे ऋण भाराचं पॉलिमर युरिक ॲसिड आणि क जीवनसत्त्वाला परतवतं, कारण शरीरात तेही ऋणभारित असतात. पॅरासिटामॉलवर भारच नाही, तेव्हा त्याला आकारावरून अडवावं लागतं. डेक्सकॉम कंपनीच्या जी5 सेन्सरवर पॅरासिटामॉल टाळण्याची सूचना होती. 2018 मध्ये आलेल्या जी6 मध्ये दर सहा तासांना एक ग्रॅमपर्यंत मुभा मिळाली.

संशोधक ॲडम हेलर यांनी वेगळाच मार्ग काढला. ऑस्मियम जोडलेल्या पॉलिमरमधून एन्झाइमचे इलेक्ट्रॉन थेट इलेक्ट्रोडपर्यंत नेले. ऑक्सिजनची गरज उरली नाही, व्होल्टही फार कमी लागला, त्यामुळे पॅरासिटामॉलचा त्रास मिटला. फ्रीस्टाइल लिब्रे हा सेन्सर याच घराण्यातला. साखर रोखणारा बाहेरचा पापुद्रा मात्र त्यालाही आहेच. आणि क जीवनसत्त्व इतक्या सहज इलेक्ट्रॉन सोडतं की कमी व्होल्टलाही फसवतं: दिवसाला 500 मिलिग्रॅमपेक्षा जास्त घेतलं तर लिब्रेच्या काही मॉडेलांचा आकडा खोटा चढू शकतो. ‘व्हिटॅमिनच तर आहे’ म्हणत रोज दोन-दोन गोळ्या चघळणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

शेवटचा समज सेन्सरच्या मुदतीचा. चौदा दिवसांनी एन्झाइम ‘संपतं’ असं अनेकांना वाटतं. एन्झाइम उत्प्रेरक आहे, ते साखरेसोबत खर्च होत नाही. पेरॉक्साइडने आणि शरीराच्या उष्णतेने मात्र ते हळूहळू खराब होतं. शिवाय शरीरही स्वस्थ बसत नाही. तंतू आत गेल्याबरोबर त्यावर प्रथिनं चिकटू लागतात, मग पांढऱ्या पेशी जमतात, पुढे तंतुमय आवरण चढू लागतं. साखर येण्याची वाट पुन्हा बदलते, पण या वेळी कारखान्याच्या हिशोबाबाहेर. मुदत संपलेला सेन्सर जुगाड करून चालू ठेवता येईलही आणि त्यावर आकडे उमटतीलही. फक्त कारखान्यात जुळवलेलं साखरेचं आणि प्रवाहाचं गणित त्यांना लागू असेलच, याची हमी बनवणाराही देत नाही.