छातीवरचा मुका मार

छातीला मार दोन प्रकारे बसतो. एक भोसकल्याचा, दुसरा मुका. रस्त्यावरच्या अपघातांत मुका मारच जास्त, आणि पुण्याजवळच्या देहूरोडला रस्त्यांची कमी नाही. जुना मुंबई-पुणे महामार्ग बाजाराला खेटून जातो, २००२ मध्ये पूर्ण झालेला द्रुतगती मार्ग शेजारी किवळ्याला संपतो आणि कात्रजचा बायपास तिथूनच सुटतो. दुचाकीस्वाराची छाती हँडलवर आपटते, चालकाची स्टिअरिंगवर. पट्टा लावलेला असेल तर उजव्या खांद्यापासून डाव्या कुशीपर्यंत तिरका वळ उठतो. वळ दिसला की त्याखालची हाडे तपासावीच लागतात. पण पुष्कळदा वरून काहीच दिसत नाही, आणि ‘नुसता मुका मार आहे’ म्हणून माणूस घरी निघून जातो.

१०८ च्या गाडीतून आणलेल्या जखमीची तपासणी यंत्राआधी डोळ्यांनी सुरू होते. शर्ट कापून छाती उघडी करतात आणि दोन्ही बाजू सारख्या हलतात का ते पाहतात. लागोपाठ तीन-चार बरगड्या प्रत्येकी दोन ठिकाणी मोडल्या असतील, तर तेवढा तुकडा उलटा चालतो : श्वास घेताना आत, सोडताना बाहेर. मग बोटांनी ठोकून पाहणे. फुप्फुसाभोवती हवा साठली असेल तर रिकाम्या डब्यासारखा आवाज येतो, रक्त साठले असेल तर भरल्या पिंपासारखा बद्द.

हवा आत शिरत राहिली आणि तिला बाहेर पडायला वाट नसली, तर फुप्फुस आक्रसते, हृदय पलीकडे ढकलले जाते, मानेच्या शिरा फुगतात, रक्तदाब कोसळतो. हा टेन्शन न्यूमोथोरॅक्स. तो ओळखायला एक्स-रेची वाट पाहत बसणे ही चूक ठरते. जाड सुई खुपसून हवा आधी मोकळी करायची असते. सुईची जागा वर्षानुवर्षे कॉलरबोनखाली, दुसऱ्या-तिसऱ्या बरगडीमधली शिकवली जाई. आता प्रौढांत काखेच्या पुढच्या बाजूला, चौथ्या-पाचव्या फटीत टोचण्याचा सल्ला आहे, कारण वरच्या जागी स्नायू-चरबीचा थर जाड असला तर सुई आत पोचतच नाही.

जखमी स्थिर असेल तर एक्स-रे. पण आडव्या झोपलेल्या माणसाच्या छातीत रक्त पाठीमागे पसरते आणि फिल्मवर नुसते धुरकट दिसते. म्हणून अपघात विभागात पोटाबरोबर छातीचीही सोनोग्राफी करतात. सीटी स्कॅन त्यानंतर. पहिली बरगडी मोडलेली दिसली की डॉक्टर सावध होतात. खांद्याआड दडलेले हे हाड मोडायला जबर धक्का लागतो, तेव्हा शेजारच्या मोठ्या रक्तवाहिन्याही तपासायच्या.

शस्त्रक्रिया थोड्यांनाच लागते. बहुतेकांचे काम एका नळीवर भागते. वॉर्डात तिला ‘आयसीडी’ म्हणतात. काखेखाली जागा बधिर करून, बरगडीच्या वरच्या कडेने (खालच्या कडेला शीर आणि रक्तवाहिनी असते) नळी आत सरकवतात आणि दुसरे टोक बाटलीतल्या पाण्यात बुडवून ठेवतात. हवा बुडबुड्यांनी बाहेर पडते, पण पाण्यामुळे परत शिरत नाही. साधीच युक्ती, पण एकोणिसाव्या शतकापासून टिकलेली. नळीतले पाणी श्वासाबरोबर वरखाली झुलते. झुलायचे थांबले तर फुप्फुस पूर्ण फुलले, किंवा नळी तुंबली. बाटली छातीच्या पातळीवर उचलायची नाही, हे नातेवाइकांना पुन्हापुन्हा सांगावे लागते. नळी घालताच दीड लिटर रक्त आले, किंवा नंतर ताशी दोनशे मिली येतच राहिले, तर मात्र छाती उघडावी लागते.

पुढची लढाई दुखण्याशी. दुखते म्हणून रुग्ण खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. कफ साचतो आणि न्यूमोनिया होतो. म्हातारपणी दोन-तीन बरगड्यांचे मोडणेही त्यामुळेच जिवावर बेतते. छातीला घट्ट पट्टा आवळण्याची जुनी सवय इथे घातकच. वेदनाशामक औषध, गरज पडल्यास मज्जातंतू बधिर करणारे इंजेक्शन, आणि तीन चेंडूंचे खेळण्यासारखे दिसणारे श्वासाचे यंत्र हाच खरा उपचार. चेचलेल्या फुप्फुसाची सूज दुसऱ्या दिवशी वाढते, म्हणून पहिल्या दिवशीचा चांगला एक्स-रे पाहून रुग्णाला घरी सोडत नाहीत.

बुडबुडे थांबले, स्राव आटला आणि फुप्फुस भिंतीला लागले की श्वास रोखायला सांगून नळी एका झटक्यात काढतात, टाका आवळतात आणि पुन्हा एक्स-रे काढतात. बरगड्या जुळायला साधारण सहा आठवडे लागतात; तोवर जड उचलणे बंद.