ऐकू येतं, पण कळत नाही
लेखांक ७ : दोन आवाज, एक मेंदू

गेल्या आठवड्यात आपण आवाजाला कॉक्लियापर्यंत, म्हणजे आतल्या कानातल्या शंखापर्यंत, आणून सोडलं होतं. तिथून पुढे तो विद्युत संदेश होऊन मेंदूकडे निघतो. पण कानाच्या पडद्यावर एका वेळी एकच थरथर असते. समोर चार जण बोलत असले तर चौघांचे आवाज त्यातच कालवलेले. मग त्यातला एक वेगळा काढतं कोण?

१९५० च्या सुमारास विमानतळावरच्या नियंत्रकांची हीच पंचाईत होती. अनेक वैमानिक एकाच लाउडस्पीकरमधून बोलत. १९५३ मध्ये कॉलिन चेरी यांनी यावर प्रयोग केला. हेडफोनच्या एका कानात एक भाषण, दुसऱ्या कानात दुसरं. त्यातलं एक ऐकता ऐकता शब्दन् शब्द मोठ्याने म्हणत जायचं. लोकांना ते बऱ्यापैकी जमलं. खरी गंमत दुसऱ्या कानाची. तिथे पुरुषाऐवजी बाई बोलू लागली तर कळायचं, पण इंग्रजी सोडून जर्मन सुरू झालं तरी दाद नाही! म्हणजे आवाजाचा पोत पोचत होता, मजकूर नाही. अर्थात दार अगदीच बंद नव्हतं. नेव्हिल मोरे यांनी १९५९ मध्ये दाखवलं, की त्या दुर्लक्षित कानात स्वतःचं नाव आलं तर काही जणांचे कान टवकारतात. सगळ्यांचे नाही, हे मात्र सांगताना बहुतेक जण गाळतात.

हे मेंदूत प्रत्यक्ष दिसलं ते २०१२ मध्ये. निमा मेसगारानी आणि एडवर्ड चँग यांनी अपस्माराच्या अशा रुग्णांसोबत काम केलं, ज्यांच्या मेंदूवर उपचारासाठी इलेक्ट्रोड आधीच बसवलेले होते. दोन आवाज एकदम लावायचे. ज्या आवाजात खुणेचा शब्द येईल, त्याने सांगितलेला रंग आणि अंक रुग्णाने ओळखायचा. मेंदूतल्या संदेशांवरून आवाजाचं चित्र उलट जुळवलं, तर ते जवळपास एकाच माणसाचं निघालं, ज्याच्याकडे लक्ष होतं त्याचं. आणि उत्तर चुकलं तेव्हा? बऱ्याचदा चित्र दुसऱ्याचं निघायचं. मला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. उत्तर देताना गोंधळ झाला नव्हता, ऐकतानाच माणूस बदलला होता.

‘मशीन लावलं तरी गर्दीत काही कळत नाही’ ही ज्येष्ठांची तक्रार इथे उलगडते. साधं श्रवणयंत्र गलकाही मोठा करतं. कुणाचं ऐकायचंय, हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून डोक्यावरच्या इलेक्ट्रोडमधून लक्ष कुठे आहे ते ओळखून तोच आवाज वाढवणारी यंत्रं प्रयोगशाळांत घडताहेत. अडचण वेळेची आहे. भरवशाने ओळखायला यंत्राला बरेचदा काही सेकंद लागतात, आणि घरातल्या गप्पांमध्ये तेवढ्यात बोलणाराच बदललेला असतो.