गर्भपातोत्तर आनुवंशिक परीक्षण

स्वाभाविक गर्भपातानंतर मिळालेल्या गर्भाच्या किंवा वारेच्या ऊतकातील (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहातील) गुणसूत्रांची तपासणी करून गर्भनाशाचे कारण शोधण्याच्या पद्धतीस ‘गर्भपातोत्तर आनुवंशिक परीक्षण’ म्हणतात. निदान झालेल्या गर्भधारणांपैकी सु. १० ते २० टक्के गर्भधारणा स्वाभाविक गर्भपाताने संपतात व त्यांतील बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत.

मानवी कोशिकेत ४६ गुणसूत्रे असतात, हे त्जिओ व लेव्हान यांनी १९५६ मध्ये दाखवून दिले. त्यानंतर फ्रान्समध्ये झोएल व आंद्रे बूए यांनी सहकाऱ्यांसह १,५०० गर्भपातांतील ऊतके तपासली. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सु. ६१ टक्के ऊतकांत गुणसूत्रदोष आढळले. लवकर होणाऱ्या गर्भपातांपैकी निम्म्याहून अधिकांचे कारण गर्भातच असते, हे त्यामुळे स्पष्ट झाले.

दोषांचे प्रकार : एखाद्या जोडीत दोनाऐवजी तीन गुणसूत्रे असणे, हा सर्वांत सामान्य प्रकार होय. त्यात १६ व्या गुणसूत्राचे आधिक्य विशेष आढळते. एकच एक्स गुणसूत्र असणे आणि गुणसूत्रांचा संपूर्ण तिसरा संच असणे (एकूण ६९), हे इतर प्रमुख प्रकार होत. अंडकोशिका तयार होताना गुणसूत्रांची वाटणी चुकल्याने बहुतेक आधिक्यदोष उद्‌भवतात. मातेच्या वयाबरोबर त्यांचे प्रमाण वाढते.

पद्धती : ऊतक निर्जंतुक लवणद्रावात ठेवून त्वरित प्रयोगशाळेत पाठवितात. फॉर्मॅलिनमध्ये कोशिका मरतात व त्यांचे संवर्धन करता येत नाही. वारेचे अंकुरक गर्भाशयाच्या अस्तरापासून वेगळे करून त्यांतील कोशिका वाढवितात आणि विभाजनावस्थेतील गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पुष्कळदा कोशिका वाढतच नाहीत. सूक्ष्म-मालिका (मायक्रोॲरे) या नव्या पद्धतीत डीएनए थेट तपासला जात असल्याने जिवंत कोशिकांची गरज नसते. मात्र गुणसूत्रांच्या तुकड्यांची केवळ अदलाबदल झाली असल्यास ती या पद्धतीने दिसत नाही.

निष्कर्षांचा अर्थ : स्त्रीची सामान्य गुणसूत्रे आढळल्यास गर्भ निर्दोष होता, असे लगेच म्हणता येत नाही, कारण नमुन्यात मातेच्याच कोशिका वाढलेल्या असू शकतात. यासाठी ऊतकातील डीएनएची मातेच्या रक्ताशी तुलना करतात. निष्कर्ष खरोखरच सामान्य असल्यास गर्भाशयाची रचना, अवटू ग्रंथीचे विकार, रक्त गोठण्याचे विकार इ. कारणांचा शोध घ्यावा लागतो. गुणसूत्राचा काही भाग कमी वा अधिक आढळल्यास मातापित्यांच्या रक्ताची तपासणी करतात.

उपयोग व मर्यादा : एकाच गर्भपातानंतर हे परीक्षण सहसा करीत नाहीत. वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रियांमध्ये मात्र त्याचा उपयोग होतो. ब्रिटनमधील प्रसूतितज्ञांच्या रॉयल कॉलेजने तिसऱ्या व त्यापुढील गर्भपातांत त्याची शिफारस केली आहे. भारतात १९९४ च्या कायद्यानुसार गर्भलिंग कळविण्यास मनाई आहे.

या परीक्षणाने गेलेला गर्भ परत मिळत नाही किंवा पुढील गर्भपात टळत नाही. तथापि जड वस्तू उचलणे, प्रवास, एखादा खाद्यपदार्थ यांवर ठेवला जाणारा ठपका बहुधा निराधार असतो, हे त्यातून कळते. गुणसूत्रसंख्येतील दोष बहुतेक वेळा आकस्मिक असतो. तो स्त्रीच्या वागण्यामुळे घडत नाही आणि त्यानंतरची गर्भधारणा पुष्कळदा सुखरूप पार पडते.