टनामागे ४०० रुपये

स्वच्छ विजेच्या संशोधनाचा विषय निघाला की ठरलेले वाक्य ऐकू येते: "आपल्यासारख्या देशाकडे त्यासाठी पैसा कुठला?" हा गैरसमज सर्वांत घट्ट रुजलेला आहे, म्हणून आधी त्याचाच हिशेब मांडतो.

जुलै २०१० पासून देशात खणलेल्या आणि आयात केलेल्या कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर सुरू झाला. प्रदूषण करणाऱ्या इंधनावर कर लावायचा आणि तो पैसा राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधीत घालून संशोधनाला आणि नव्या तंत्रज्ञानाच्या प्रकल्पांना द्यायचा, हा त्यामागचा विचार होता. दर २०१४ मध्ये १००, २०१५ मध्ये २०० आणि २०१६ मध्ये ४०० रुपये झाला. औष्णिक वीज महागली आणि तो भार अखेर तुमच्या-माझ्या वीजबिलावर आला. २०१७-१८ पर्यंत या उपकरातून ८६,४४० कोटी रुपये जमले. त्यातले सुमारे २९,६५४ कोटी निधीत वर्ग झाले आणि प्रकल्पांना मिळाले सुमारे १५,९११ कोटी. म्हणजे रुपयातले अठरा पैसे. त्या अठरा पैशांतूनही केंद्राच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या नेहमीच्या योजना चालल्या, गंगा स्वच्छतेलाही वाटा गेला. कालव्याला पाणी सुटते, पण टेलच्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचत नाही. संशोधकाची जागा इथे नेमकी टेलला होती.

जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि हाच ४०० रुपयांचा उपकर राज्यांच्या महसुली नुकसानभरपाईकडे वळला. राज्यांना भरपाई मिळायलाच हवी होती. पण स्वच्छ ऊर्जा निधीचा झरा त्या दिवशी आटला. सप्टेंबर २०२५ मध्ये तो उपकरही संपला आणि कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. तेव्हा पैसा नव्हता, असे म्हणू नये. तो ज्या कामासाठी गोळा केला, त्या कामाला लागला नाही, ही वस्तुस्थिती आहे आणि मला ती फार खुपते.

"सौर वीज आता सर्वांत स्वस्त आहे, मग शोधायचे काय राहिले?" असेही विचारतात. मुळात ही स्वस्ताई संशोधनातूनच आली. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने दाखवलेला सिलिकॉनचा सौरघट उन्हातल्या ऊर्जेपैकी सुमारे ६ टक्क्यांचीच वीज करत होता. आज बाजारातले चांगले पॅनेल २० टक्क्यांच्या पुढे आहे. मधल्या काळात अनेक देशांतल्या सरकारी आणि विद्यापीठीय प्रयोगशाळांनी दशकानुदशके काम केले. पी हळद आणि हो गोरी, असे इथे होत नाही.

शिवाय काही प्रश्न खास आपलेच आहेत. पॅनेलची क्षमता मोजतात २५ अंश तापमानाला. वैशाखातल्या दुपारी विदर्भातल्या गच्चीवर पॅनेल साठ-पासष्ट अंशांपर्यंत तापते. दर अंशामागे उत्पादन साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते, म्हणजे ऐन उन्हात दहा ते पंधरा टक्के वीज हातची जाते. वर धूळ. आयआयटी मुंबईत २०१० मध्ये सौरविद्युत संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र उभे राहिले. या केंद्राने राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेबरोबर देशभरातली पॅनेल्स प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासली. उष्ण प्रदेशातली आणि छपरावरची पॅनेल्स अधिक वेगाने खालावतात, हे त्यातून दिसले. थंड देशातला कारखानदार आपल्यासाठी ही तपासणी करायला येणार नव्हता.

"गरज पडली की तंत्रज्ञान विकत घेऊ" या भरवशाचे उत्तर अणुविजेच्या इतिहासात आहे. राजस्थानातल्या रावतभाट्याच्या अणुभट्ट्या कॅनडाच्या मदतीने उभ्या राहत होत्या. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर कॅनडाने हात काढून घेतला आणि दुसरी भट्टी आपल्या अभियंत्यांना स्वतःच पुरी करावी लागली. तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्रात माणसे आणि ज्ञान तयार होते म्हणूनच ते जमले. त्याच वाटेने पुढे तारापूरला ५४० आणि गुजरातेत काकरापारला ७०० मेगावॉटच्या भट्ट्या झाल्या.

जून २०२५ मध्ये देशाच्या स्थापित वीजक्षमतेत बिगर-जीवाश्म स्रोतांचा वाटा ५० टक्क्यांवर गेला, तेव्हा निम्मी वीज स्वच्छ झाली असा अनेकांचा समज झाला. स्थापित क्षमता वेगळी आणि प्रत्यक्ष तयार झालेली युनिट्स वेगळी. त्या युनिट्समध्ये कोळशाचा वाटा अजून सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे, कारण दिवेलागणीला मागणी चढते तेव्हा सौर प्रकल्प थांबलेले असतात. साठवण हाच आता खरा प्रश्न. घाटघरला पाणी डोंगरावर चढवून ठेवणारा आणि गरजेला खाली सोडून वीज करणारा २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प चालतो, पण असे डोंगर सगळीकडे नाहीत. स्वस्त, उन्हाळा सोसणाऱ्या बॅटऱ्या लागतील आणि त्या प्रयोगशाळेतूनच येतील.

जुलै २०२५ मध्ये केंद्राने संशोधन, विकास आणि नवकल्पनांसाठी एक लाख कोटींची योजना मंजूर केली. ऊर्जा तिच्या कक्षेत आहे. आता प्रश्न मिटला, असे वाटणे साहजिक आहे. पण ही योजना मुख्यतः खासगी क्षेत्राला दीर्घ मुदतीचे, कमी व्याजाचे अर्थसाहाय्य देते आणि तेही कल्पना प्राथमिक टप्पा ओलांडून आल्यावर. त्याआधीची वर्षे विद्यापीठातल्या प्रयोगशाळेला अनुदानावरच काढावी लागतात. २०२३ च्या हरित हायड्रोजन अभियानात १९,७४४ कोटींपैकी संशोधनासाठी ४०० कोटी ठेवले आहेत, म्हणजे शंभरातले दोन रुपये. म्हणून कोळशावरच्या वाढलेल्या जीएसटीतला ठरावीक हिस्सा कायद्यानेच विद्यापीठांतल्या प्रयोगशाळांसाठी राखून ठेवावा आणि दरवर्षी किती जमले, किती पोहोचले, याचा हिशेब संसदेत मांडावा.